मामांचे ड्रोन आणि दोन ‘निलगिरी’

ताई,

तुमचं पत्र मिळालं. मुलगा बारावी सायन्सला, नौदलात इंजिनिअर व्हायचं त्याच्या डोक्यात पक्कं. आणि आयटीतले मामा म्हणतात, ‘आता सगळं ड्रोन आणि एआयवर, मेकॅनिकल घेऊन काय करणार?’ मामांचं अर्धं बरोबर आहे.

मुंबईच्या माझगाव डॉक गोदीने बांधलेली ‘निलगिरी’ ही युद्धनौका १९७२ साली नौदलात आली, ती वाफेवर चालायची. बॉयलर, टर्बाइन आणि त्या उकाड्यात घाम गाळणारी माणसं. त्याच गोदीतली, त्याच नावाची नवी ‘निलगिरी’ जानेवारी २०२५मध्ये मुंबईत दाखल झाली. तिच्यात डिझेल इंजिनं आणि गॅस टर्बाइन आहेत, आणि त्यांच्यावर नजर ठेवायची ती बरीचशी स्क्रीनवरून. इथवर मामा जिंकले.

पण गॅस टर्बाइनवरची ‘राजपूत’ युद्धनौका आपल्याकडे १९८०मध्येच आली होती, तरी वाफ काही लगेच गेली नाही. आजही आपल्या दोन विमानवाहू नौकांपैकी ‘विक्रमादित्य’ वाफेवर चालते आणि २०२२ची ‘विक्रांत’ गॅस टर्बाइनवर. युद्धनौका म्हणजे मोबाइल नव्हे. एकदा बांधली की तीस-तीस वर्षं वापरायची. त्यामुळे नौदलात जुनं-नवं शेजारी शेजारी नांदतं आणि माणसालाच पुन्हा पुन्हा शिकावं लागतं. इंजिनांचं शिक्षण लोणावळ्याच्या आयएनएस शिवाजी या नौदलाच्या प्रशिक्षण केंद्रात, विजेचं जामनगरच्या आयएनएस वलसुरा केंद्रात. आणि ड्रोन समुद्रात सोडायचा, परत घ्यायचा, खाऱ्या हवेत धड ठेवायचा, ते कोण करणार?

‘मेकॅनिकल की कॉम्प्युटर’ यावर घरात वाद घालू नका. बारावीनंतरच्या बी.टेक. कॅडेट प्रवेशात शाखा नौदल ठरवतं. त्यासाठी फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्समध्ये मिळून ७० टक्के, इंग्रजीत दहावी किंवा बारावीला किमान ५० आणि जेईई मेनची रँक लागते. मग एसएसबी, म्हणजे सैन्यदलांच्या निवड मंडळाच्या मुलाखती-चाचण्या, आणि निवड झाली तर केरळात एळिमलाची नौदल अकादमी. एनडीएची (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची) परीक्षाही द्यायला लावा, ती वाट वेगळी आहे.

त्याआधी या आठवड्यात एक करा: डोळे तपासून घ्या, रंगांधळेपणासकट. कित्येक मुलं दोन वर्षं क्लास लावतात आणि हे शेवटी कळतं.

पुढचं पत्र मात्र त्याला लिहू द्या. एसएसबीत त्यालाच बोलायचंय.