चित्रकला शिकलेलो नाही, तरी चित्रं आणि गाजलेले फोटो एन्जॉय करता येतात का? आणि एखादाच फोटो एवढा का गाजतो?

येतात की, का नाही येणार. मी जळगाव जिल्ह्यातला, कृषी केंद्रात कामाला, माझं शिक्षण म्हणाल तर शाळेतल्या एलिमेंटरी-इंटरमिजिएट एवढंच, तेच ते स्थिरचित्र, स्मरणचित्र आणि कॅम्लिनच्या रंगाच्या बाटल्या. पण हाताला सवय राहिली, आजही रात्री दुकान बंद झालं की वही घेऊन बसतो. म्हणून माझं सरळ सांगणं आहे, जो फोटो आवडला तो समोर ठेवून पेन्सिलने काढा, कसाही येऊ द्या. एरवी आपण गाजलेला फोटो बघत नाही, फक्त ओळखतो, हां हा गांधीजींचा चरख्यावाला, आणि बोट पुढे सरकतं. काढायला बसलं की डोळ्याला थांबावंच लागतं.

अमेरिकन फोटोग्राफर डोरोथिया लँग यांचा 'मायग्रंट मदर' (म्हणजे स्थलांतरित आई) हा फोटो बघा. १९३६ साली कॅलिफोर्नियात निपोमो इथे वाटाणा तोडणाऱ्या मजुरांचा तळ पडलेला, पीक गारठून गेलेलं, कोणाच्या हाताला काम नाही, तिथला हा फोटो. मी कितीदा पाहिला होता, पण काढायला घेतला तेव्हा कळलं की दोन्ही बाजूच्या पोरांनी तोंडं पाठीमागे फिरवलीयत, आपल्याला दिसतात ते नुसते विस्कटलेले केस आणि माना, आणि तिसरं बाळ मांडीवर झोपलेलं, म्हणजे नजर ठरेल असा चेहरा अख्ख्या फोटोत एकच. आणि ती बाईसुद्धा कॅमेऱ्याकडे बघतच नाही! गालाजवळ नेलेला तो हात तर फार अवघड, बोटांचा भार जास्त दाखवला की दात दुखतोय असं वाटतं, कमी दाखवला की मुद्दाम पोझ दिल्यासारखं. सगळा फोटो त्या हातावर उभा आहे हे मला खोडरबराने शिकवलं.

माय वही बघून म्हणाली, "हाई बाई काय इचार करी ऱ्हायनी?" मग तिनेच उत्तर दिलं, संध्याकाळी पोरांना काय घालू हाच असेल दुसरा कोणता. माय जन्मभर कापूस वेचायला गेलेली. फोटोतल्या बाईने, फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन तिचं नाव, तिनेही कापूस वेचलेला होता हे मी नंतर वाचलं, तेव्हा अंगावर काटा आला.

पण एक गोष्ट मनाला लागते ती सांगतोच. फोटो पेपरात आला आणि सरकारने तळावर २०,००० पौंड अन्न पाठवलं, तोवर ही बाई पोरं घेऊन पुढच्या गावाला निघून गेली होती. तिचं नाव जगाला कळलं थेट १९७८ ला, आणि या फोटोतून आपल्याला काहीच मिळालं नाही असं तिचं म्हणणं होतं. ते खरंच आहे. फोटो म्हणून माझ्या मनातून उतरत नाही, पण आता बघताना तिची बाजू सोडून बघता येत नाही.

आणि बघून काढणं म्हणजे कमीपणा असं कोणी म्हणालं तर त्याला रॉबर्ट गिलबद्दल सांगा. हा इंग्रज अधिकारी १८४४ पासून वर्षानुवर्षं अजिंठ्याला राहून भिंतीवरची चित्रं उतरवत बसला, १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत त्यातली बहुतेक जळाली, तरी गडी परत कामाला लागला. त्याची कबर आपल्या भुसावळला आहे, इथल्याच कितीतरी लोकांना पत्ता नाही. फर्दापूरकडून लेणी बघायला गेलात तर पहिल्या लेण्यात लगेच मोबाईल काढू नका, उन्हातून आत गेल्यावर आधी काही दिसतच नाही, उभं राहा, मग हळूहळू भिंतीवरचा बोधिसत्त्व पद्मपाणी दिसायला लागतो, हातातलं कमळ, खाली झुकलेले डोळे. चाळीसगावला फोटोग्राफर केकी मूसांचं घरही बघा, स्टेशनजवळच आहे. हा माणूस जवळपास ५० वर्षं घराबाहेर क्वचितच पडला आणि घरातल्याच वस्तू टेबलावर मांडून त्यांच्यातून बाहेरची दृश्यं उभी करून फोटो काढायचा. बघायला लांब जावं लागतं हे त्यामुळे मला पटतच नाही.

आता फोटो का गाजतो. मला वाटतं काय वगळलं त्यावर पुष्कळ ठरतं. लँगबाईंनी त्या दिवशी या कुटुंबाचे एकापेक्षा जास्त फोटो घेतले, पुढे पुढे सरकत. लांबच्यात तंबू आहे, सामान आहे, मोठी पोरगी आहे, आपल्याला परिस्थिती कळते पण नजर कुठे थांबत नाही. शेवटच्यात ते सगळं गेलं आणि उरली बाई आणि पोरं. यातले बरेच अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेस या सरकारी ग्रंथालयाच्या साईटवर फुकट बघता येतात. आधी लांबचा काढा, मग जवळचा, एकाच रात्री.