शेतातल्या घराला बुखारी?

प्रश्न: ताई, शिरपूरजवळ शेतात आमची दहा बाय बाराची पत्र्याची खोली आहे. हिवाळ्यात रात्री फार गारठतं. काश्मिरात असते तशी लोखंडी बुखारी, म्हणजे लाकडं जाळून खोली उबदार करायची धुराड्याची शेगडी, आणू, असं मुलगा म्हणतो. मोठीच घ्यावी का?

उत्तर: भाऊ, मोठी मुळीच नको. आपल्या धुळ्या-जळगावात पारा 10 च्या खाली उतरतो खरा, पण उन्हं वर आली की स्वेटर काढावाच लागतो. एवढ्याशा खोलीत मोठी बुखारी पेटली की माणूस घामाघूम होतो आणि हवेची झडप आवळतो. मग लाकूड नुसतं धुमसतं, धुराड्यात डांबरासारखा काळा थर धरतो, आणि एखाद्या रात्री तो थरच पेट घेतो. लहान घ्या, भडभडून जाळा.

जळण? पऱ्हाट्या (कपाशीची वाळलेली झाडं) भुर्रकन संपतात. भरताची वांगी भाजावीत ती त्यांच्यावरच (माझी आई गॅसवरचं भरीत ताटात घेत नसे), पण ऊब टिकायला बाभळीची लाकडं हवीत, निदान एक उन्हाळा वाळलेली. आणि झोपताना दार-खिडकी गच्च लावून निखारे धुमसत ठेवू नका. त्यातून निघणाऱ्या विषारी वायूला (कार्बन मोनॉक्साइडला) वास नसतो.