शहरालगतची शेती राखायची असेल तर

आधी नगररचना कार्यालयातून गटाचा झोन दाखला (आराखड्यात जमीन कशासाठी दाखवली आहे याचा) आणि भाग नकाशा (आराखड्यातला तेवढाच तुकडा) काढा. अर्जासोबत ताजा सातबारा आणि गट नकाशा जोडा. गट हिरव्या पट्ट्यात, म्हणजे शेती झोनमध्ये, असला तरी निर्धास्त राहू नका. पट्टा नव्या आराखड्यात बदलू शकतो, म्हणून शहराचा प्रारूप विकास आराखडा (जमीन वापराचा मसुदा) प्रसिद्ध झाला की नोटिशीतल्या मुदतीत लेखी हरकत द्या आणि पोच घ्या. नुसतं ‘शेती राहू द्या’ लिहून भागत नाही. गट नंबर, विहीर, कालव्याचं पाणी, घेतलेली पिकं, सगळं पुराव्यासह मांडा, आणि सुनावणीला हजर राहाच.

आता कर. पालिका हद्दीबाहेरची जमीनही करात येऊ शकते. हद्दीपासूनचं अंतर सरळ रेषेत मोजतात: पालिकेची लोकसंख्या १० हजारांवर असेल तर २ किमी, १ लाखावर ६, १० लाखांवर ८. त्याच्या आत असलेली जमीन विकली तर भांडवली नफ्यावर कर लागतो. विक्रीआधीची २ वर्षं तुम्ही किंवा आईवडिलांनी ती कसलेली असेल आणि विक्रीनंतर २ वर्षांत दुसरी शेतजमीन घेतली, तर त्यात गुंतवलेल्या नफ्यापुरती सूट मिळते. विवरणपत्राच्या मुदतीपर्यंत जमीन मिळाली नाही, तर रक्कम बँकेच्या कॅपिटल गेन्स खात्यात (भांडवली नफ्यासाठीचं खास खातं) भरा. साध्या बचत खात्यातली चालत नाही. नवी जमीन ३ वर्षं विकू नका.

बरीच प्रकरणं अडतात ती सातबाऱ्यावर. शेतात सोयाबीन उभं, आणि पिकाच्या रकान्यात ‘पड’! मग कसल्याचा पुरावा कुठून आणणार? दर हंगामात ई-पीक पाहणी (मोबाइल ॲपवरून सातबाऱ्यावर पिकाची नोंद) स्वतः करा, फोटोसह.