पॉलिसी मुलावर काढली, पण कमावतं कोण?

पत्र एका वडिलांचं आहे. वय 38, पगार वर्षाला 11 लाख, बायको मुलाचं बघायला घरीच असते. मुलगा 9 वर्षांचा, ऑटिझम आणि बौद्धिक अक्षमता, अपंगत्वाच्या सर्टिफिकेटवर 65 टक्के. स्पेशल स्कूल आणि थेरपीचे महिन्याला 14 हजार जातात. सरकार 18 वर्षांपर्यंत फुकट शिकवतं, तर त्याला सरकारी शाळेत घालून वाचलेल्या पैशात अजून एक एज्युकेशन पॉलिसी घेऊ का, असं ते विचारतात. पहिली चालू आहेच, वर्षाला 80 हजार, 12 वर्षं, दोन हप्ते भरून झालेत, एजंट म्हणतो मुलगा 19 चा झाला की 14 लाख आणि शिवाय 80डीडीत (घरात अपंग व्यक्ती असेल तर मिळणारी इन्कम टॅक्सची वजावट) टॅक्स वाचेल.

शाळेचं नंतर बघू. आधी ही पॉलिसी.

साडेनऊ लाख भरून 14 लाख, म्हणजे जेमतेम सहा टक्के. तेही सोडा, विमा कोणाचा आहे बघा. मुलाचा, 8 लाखांचा. कमावणारे तुम्ही एकटे आणि तुमच्या नावावर टर्म इन्शुरन्स (फक्त मृत्यू झाला तरच पैसे देणारा स्वस्त विमा) नाही, पॉलिसीत हप्तामाफीचा रायडर, म्हणजे तुमच्यानंतर हप्ते माफ करणारी जोड, पण नाही. उद्या तुमचं काही बरंवाईट झालं तर पगार बंद आणि वर हप्ते भरायचे बायकोने. 65 टक्क्यांचं सर्टिफिकेट समोर असताना ज्याने हे गळ्यात मारलं त्याचा मला खरंच राग येतो.

80डीडीचं तर सरळ खोटं आहे. असल्या साध्या पॉलिसीचा हप्ता त्यात बसतच नाही, आणि ती 75 हजारांची वजावट जुन्या टॅक्स रिजीममध्येच मिळते, तुम्हाला 11 लाखांवर नव्या रिजीममध्ये 2025-26 पासून टॅक्सच शून्य आहे.

आता पैसे येणार मुलाच्या नावावर. 18 पूर्ण झाले की तो कायद्याने सज्ञान, तुमची सही चालणार नाही, मग ऑटिझम, बौद्धिक अक्षमता असलेल्यांसाठीच्या नॅशनल ट्रस्ट कायद्याखाली कलेक्टरच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक समितीकडे पालकत्वासाठी अर्ज करा. तो अर्ज तसाही करायचाच आहे, पण मोठी रक्कम त्याच्या नावावर ठेवूच नका. तुमच्या नावावर ठेवा, मृत्युपत्र करा आणि त्यात त्याच्यासाठी पैसे सांभाळणाऱ्या ट्रस्टची सोय करा, कारण त्याचा मोठा खर्च कॉलेजचा नाही, तुम्ही दोघं नसताना त्याला सांभाळण्याचा आहे.

तर दुसरी पॉलिसी अजिबात नको. आधी एक कोटीची टर्म घ्या, तब्येत ठीक असेल तर वर्षाला वीस हजारांच्या आसपास बसेल. मग पहिलीची सरेंडर व्हॅल्यू (मध्येच बंद केली तर परत मिळणारी रक्कम) लेखी मागा आणि बंद करायच्या तयारीला लागा. उरलेले 60 हजार, म्हणजे महिन्याला 5 हजारांची म्युच्युअल फंडातली एसआयपी, दहा टक्के धरले (गॅरंटी नाही) तर 12 वर्षांत तेही 14 लाखांच्या जवळ जातात, आणि वर एक कोटीचं कव्हर.

शाळेचं म्हणाल तर हक्क पक्का आहे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 40 टक्के किंवा जास्त अपंगत्व असलेल्या मुलाला 6 ते 18 वयात जवळच्या शाळेत किंवा स्पेशल स्कूलमध्ये मोफत शिक्षण आहे. पण समग्र शिक्षा या सरकारी शालेय योजनेत अशा मुलामागे वर्षाला 3,500 रुपयांची तरतूद, महिन्याला तीनशेसुद्धा नाही, त्यात थेरपी भागेल असं धरू नका. केंद्राची प्री-मॅट्रिक स्कॉलरशिप नववीपासून आणि अडीच लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला, म्हणजे तुम्हाला नाहीच. नॅशनल ट्रस्टचा निरामय आरोग्य विमा मात्र लगेच काढा, लाखाचं कव्हर, त्यात थेरपीलाही काही रक्कम मिळते, फी शेकड्यात. आणि शाळा बदलायच्या आधी तिथे जाऊन विचारा, विशेष शिक्षक आठवड्यातून किती दिवस येतो. एकच दिवस म्हणाले तर आहे तिथेच राहू द्या.