‘ऑल द थिंग्ज यू आर’ हे जॅझमधलं गाजलेलं गाणं जॅमिंगमध्ये (एकत्र जमून उत्स्फूर्त वाजवताना) इतकं अवघड का जातं?

सुरावट अवघड नाहीच, गुणगुणून बघा. अवघड आहे ते खालची जमीन सरकणं. आपल्या भाषेत सांगायचं तर दर चार-आठ बारांनी (बार म्हणजे मात्रांचा ठरावीक गट) ‘सा’ बदलतो. मूळ स्केल (सुरांचा संच) ए फ्लॅट मेजर, पण सुरुवात एफ मायनरवर. पहिले आठ बार सी मेजरवर येऊन थांबतात. पुढचे आठ ई फ्लॅटमधून जी मेजरला जातात. मधला भाग जी मेजर, मग ई मेजर. शेवटी परत घरी, म्हणजे ए फ्लॅटला, तेही आठऐवजी बारा बारांत. म्हणून एकूण बार नेहमीसारखे ३२ नाहीत, ३६. नवखे इथेच चुकतात!

मला सगळ्यात आवडते ती मधल्या भागाच्या शेवटची जागा. ई मेजरमधला जी शार्प धरून ठेवायचा. खाली कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) बदलते आणि तोच सूर ए फ्लॅट होऊन एफ मायनरचा तिसरा सूर (मूळ सुरापासून मोजलेला) बनतो. एकंदरीत लांब सूर बहुतेक कॉर्डच्या तिसऱ्यावरच पडतात. सोलो बसवताना आधी फक्त हे तिसरे सूर वाजवा, मार्ग आपोआप दिसेल.

इतिहास थोडक्यात: संगीत जेरोम कर्न, शब्द ऑस्कर हॅमरस्टाइन दुसरे. १९३९ चं ब्रॉडवे नाटक ‘व्हेरी वॉर्म फॉर मे’ जेमतेम ५९ प्रयोगांत आटोपलं, गाणं मात्र तरलं. आज सगळे वाजवतात ती प्रस्तावना कर्नची नव्हे. ती डिझी गिलेस्पी आणि चार्ली पार्कर यांच्या १९४५ च्या ध्वनिमुद्रणातून रूढ झाली.