राज्यक्रांतीतील काडीमोड

प्रश्न : फ्रेंच राज्यक्रांतीने घटस्फोट अतिशय सोपा केला, असे वाचनात आले. तो कायदा प्रत्यक्षात कसा चाले आणि स्त्रियांना त्याचा खरोखर उपयोग झाला का?

उत्तर : राज्यक्रांतीपूर्वी फ्रान्समध्ये कॅथलिक विवाह अतूट मानला जाई, न्यायालयाकडून फार तर विभक्त राहण्याची मुभा मिळे, पुनर्विवाहाची नव्हे. १७९१ च्या राज्यघटनेने विवाह हा केवळ नागरी करार ठरवला आणि करार म्हटला की तो मोडण्याची तरतूदही ओघाने आलीच. २० सप्टेंबर १७९२ रोजी विधानसभेने आपल्या अखेरच्या बैठकीत घटस्फोटाचा कायदा संमत केला. जन्म, विवाह व मृत्यूच्या नोंदी चर्चकडून काढून नगरपालिकेकडे सोपवणारा कायदाही त्याच दिवशीचा.

परस्परसंमती, क्रूर वागणूक, दोन वर्षे टाकून देणे, देशत्याग अशी अनेक कारणे त्यात होती. परंतु सर्वांत धाडसी कारण म्हणजे ‘स्वभाव न जुळणे’, कारण ते सांगणाऱ्याला दुसऱ्याचा दोष सिद्ध करावा लागत नसे. अर्थात नुसते सांगून भागत नसे. दोन्हीकडचे नातलग, ते नसल्यास स्नेही, तीन वेळा एकत्र बसून समजूत घालत, यात किमान सहा महिने जात, आणि तरीही पती किंवा पत्नी हटली नाही तर नगरपालिकेचा अधिकारी काडीमोड जाहीर करी. सासरमाहेरच्या माणसांसमोर तीनदा तेच गाऱ्हाणे मांडायचे, ही परीक्षा माझ्या मते कोर्टाच्या उलटतपासणीहून सोपी नव्हती.

उपयोग मात्र निश्चित झाला. हक्क दोघांना सारखाच होता आणि शहरांतील एकतर्फी अर्जांत स्त्रियांचे अर्ज बहुसंख्य होते. देशाबाहेर पळालेल्या सरदारांच्या काही पत्नींनी तर आपली मालमत्ता जप्तीतून वाचवण्यासाठी कागदोपत्री घटस्फोट घेतला. खेड्यांत कायदा फारसा पोहोचला नाही. तिथे घर, शेत आणि चर्च यांची पकड घट्ट होती.

नेपोलियनच्या १८०४ च्या संहितेने हे दार बरेचसे लोटून घेतले. पत्नीचा व्यभिचार पुरेसे कारण ठरला. पतीविरुद्ध मात्र त्याने रखेल राहत्या घरात आणून ठेवल्याचे दाखवावे लागे. राजेशाही परतल्यावर १८१६ मध्ये घटस्फोटच रद्द झाला. १८८४ मध्ये तो दोषाच्या आधारावर परत आला, पण परस्परसंमतीचा घटस्फोट फ्रेंच दांपत्यांना पुन्हा मिळायला १९७५ साल उजाडले.