ब्लॉक केलेला मेल परत येतो आणि कामाचा मेल गायब होतो: थंडरबर्डच्या फिल्टरमध्ये नेमकं कुठे बघायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. थंडरबर्ड या मेलच्या प्रोग्राममध्ये तीन त्रासदायक पत्त्यांसाठी एक फिल्टर (आलेला मेल आपोआप हलवणारा किंवा काढणारा नियम) केला, तरी त्यांचे मेल इनबॉक्समध्ये येतच राहिले. मग दुसरा फिल्टर केला, की ऑफिसचं आणि बँकेचं डोमेन (पत्त्यातला @ नंतरचा भाग) सोडून बाकी सगळं डिलीट व्हावं. तर ऑफिसचेच मेल दिसेनासे झाले. शिवाय फोनवर नकोसे मेल आधीसारखेच येतात.

पुढचं वाचायच्या आधी एक काम करा. थंडरबर्ड बंद करू नका. 'टूल्स'मधून 'मेसेज फिल्टर्स' उघडा आणि त्या दुसऱ्या फिल्टरसमोरची टिक काढून टाका. अकाउंट सेटिंग्जमध्ये 'एम्प्टी ट्रॅश ऑन एक्झिट' असा पर्याय असतो. तो चालू असेल तर प्रोग्राम बंद केल्याबरोबर ट्रॅश रिकामा होतो, आणि तुमचे ऑफिसचे मेल आत्ता बहुतेक तिथेच पडलेले आहेत. तो पर्याय बंद करा, ट्रॅशमध्ये जाऊन ऑफिसच्या डोमेनने शोधा, मिळालेले मेल इनबॉक्समध्ये ओढून आणा. मग निवांत पुढे वाचा.

तुमच्या दोन्ही फिल्टरचा दोष माझ्या मते एकाच जागी आहे. फिल्टरच्या खिडकीत अटींच्या वर 'मॅच ऑल' आणि 'मॅच एनी' असे दोन गोल असतात. घाईत त्यांच्याकडे लक्षच जात नाही. पहिल्या फिल्टरमध्ये तुम्ही तीन पत्ते तीन ओळींत टाकले असतील आणि वर 'ऑल' राहिलं असेल. म्हणजे तुम्ही सांगितलंत, 'ज्या मेलचा पाठवणारा हाही आहे, तोही आहे आणि तिसराही आहे, तो मेल पकड.' असा मेल कधी येणारच नाही, त्यामुळे फिल्टर कायम रिकाम्या हाताने बसून आहे. तिथे 'एनी' हवं.

दुसऱ्यात नेमकं उलटं झालंय. 'पाठवणाऱ्यात ऑफिसचं डोमेन नाही' आणि 'पाठवणाऱ्यात बँकेचं डोमेन नाही' या दोन अटी, आणि वर 'एनी'. ऑफिसचा मेल आला. त्यात ऑफिसचं डोमेन आहे, म्हणजे पहिली अट खोटी. पण बँकेचं डोमेन नाही, म्हणजे दुसरी खरी, आणि 'एनी'ला एक खरी अट पुरते. मेल गेला ट्रॅशमध्ये. बँकेच्या मेलचंही हेच होणार. जगातला कुठलाही मेल एका वेळी दोन्ही डोमेनवरून येऊ शकत नाही, म्हणून हा फिल्टर आलेला प्रत्येक मेल गिळतो. एवढंच लक्षात ठेवा: 'आहे'च्या यादीला 'एनी', 'नाही'च्या यादीला 'ऑल'.

पण 'ऑल' लावलंत तरी तो दुसरा फिल्टर ठेवू नका असं मी मनापासून सांगेन. उद्या एखादा जुना मित्र नव्या पत्त्यावरून लिहील, नोकरीच्या मुलाखतीचं बोलावणं येईल, एखाद्या साइटचा पासवर्ड बदलण्याचा मेल येईल. ते सगळं तुम्हाला न कळता जाईल. नकोसा मेल दिसला तर दोन सेकंद जातात. हवा असलेला मेल दिसलाच नाही तर काय गेलं हेही कळत नाही.

हे मी स्वतः भोगलंय, म्हणून इतकं लावून धरतोय. काही वर्षांपूर्वी लॉटरी लागल्याचे मेल फार यायचे. त्या सगळ्यांत 'विन' हा इंग्रजी शब्द असायचा, म्हणून पाठवणाऱ्यात किंवा विषयात ती तीन अक्षरं 'कंटेन्स' असली की डिलीट, असा फिल्टर मी केला. 'कंटेन्स' शब्द ओळखत नाही, फक्त अक्षरं जुळवतं. अश्विनी हे नाव रोमन लिपीत लिहून बघा. मधोमध तीच तीन अक्षरं आहेत. त्याच नावाच्या सहकारी बाईंचे जवळजवळ महिनाभराचे मेल माझ्या ट्रॅशमध्ये जात होते. मी उत्तर का देत नाही याचं त्यांना वाईट वाटलं होतं आणि मला काही पत्ताच नव्हता. 'विंडो' शब्द असलेले मेलही गेले होते. तेव्हापासून माझ्या एकाही फिल्टरमध्ये 'डिलीट मेसेज' ही कृती नाही. सगळे फिल्टर मेल 'संशयित' नावाच्या फोल्डरमध्ये हलवतात आणि आठवड्यातून एकदा मी त्यावर नजर टाकतो.

नवा फिल्टर लगेच खऱ्या मेलवर सोडायचा नाही, ही सवयही तेव्हाच लागली. 'चाचणी' नावाचा फोल्डर करा. त्यात दहा-बारा मेलच्या प्रती टाका, काही हवे असलेले, काही नकोसे. फिल्टरची कृती सुरुवातीला 'टॅग मेसेज' ठेवा, म्हणजे पकडलेला मेल नुसता रंगेल, हलणार नाही. फिल्टरच्या यादीखाली फोल्डर निवडायची जागा आणि 'रन नाऊ' बटण असतं. यादीत फक्त हाच फिल्टर निवडून 'चाचणी'वर चालवा. जे मेल रंगले तेच खरोखर पकडले जाणार आहेत. हवासा एखादा रंगला तर अट सुधारा, आणि समाधान झाल्यावरच कृती बदलून 'मूव्ह' करा.

फिल्टर चाललाच की नाही, हे अंदाजाने ठरवू नका. त्याच खिडकीत 'फिल्टर लॉग' आहे. तो आधी चालू करावा लागतो, एरवी कोराच असतो. चालू केल्यावर प्रत्येक पकडलेल्या मेलची एक ओळ उमटते: कोणत्या फिल्टरने, कोणाकडून आलेला, कोणत्या विषयाचा, किती वाजताचा मेल पकडला आणि त्याचं काय केलं. नकोसा मेल आला आणि लॉगमध्ये त्याची ओळच नाही, तर अट जुळत नाहीये. ओळ भलत्याच फिल्टरच्या नावाने असेल तर क्रम चुकलाय. फिल्टर यादीत वरून खाली चालतात आणि वरच्याने मेल हलवला की खालच्याच्या हाती काही उरत नाही. म्हणून नेमके फिल्टर वर, ढोबळ खाली. लॉग अगदीच कोरा असेल तर वर 'फिल्टर्स फॉर'पुढे कुठलं अकाउंट निवडलंय ते पाहा. प्रत्येक अकाउंटची यादी वेगळी असते आणि एकासाठी केलेला फिल्टर दुसऱ्याला लागत नाही.

आता अट जुळत का नाही, याकडे. पडद्यावर दिसणारा पाठवणारा हा मेलच्या आत लिहिलेला मजकूर असतो. इंटरनेटच्या सुरुवातीच्या काळातले संगणकतज्ज्ञ जॉन पोस्टेल यांनी 1982 मध्ये मेल पोचवण्याचे जे नियम लिहिले, त्यात पाकिटावरचा पत्ता वेगळा आणि आतल्या पत्रातलं नाव वेगळं अशी सोय होती, आणि ते नाव खरं आहे का हे तपासण्याची काहीच तरतूद नव्हती. ती मांडणी आजही तशीच आहे. त्यामुळे खोटे मेल पाठवणारा आतला पत्ता रोज बदलू शकतो. तुम्ही कालचा पत्ता ब्लॉक करता, आज तो दुसरं नाव घालून येतो. कधीकधी तर पाठवणारा म्हणून तुमचाच पत्ता दिसतो. तेव्हा घाबरू नका; खातं फोडलं गेलंच असं त्यावरून ठरत नाही.

मग धरायचं काय? जे बदलत नाही ते. मेल उघडून कंट्रोल आणि यू ही बटणं एकत्र दाबा, मेलचा मूळ स्रोत दिसेल. जीमेल ब्राउझरमध्ये वापरत असाल तर तीन टिंबांच्या मेनूत 'शो ओरिजिनल' आहे. तीन-चार नकोसे मेल असे शेजारी शेजारी ठेवून पाहा. 'फ्रॉम'पुढचं बदलतं, पण 'रिटर्न-पाथ'पुढचं (म्हणजे पाकिटावरच्या पाठवणाऱ्याच्या पत्त्याचं) डोमेन किंवा 'लिस्ट-आयडी'ची (मेल ज्या यादीला पाठवला तिच्या ओळखीची) ओळ बऱ्याचदा तीच राहते. फिल्टरच्या अटीत 'सब्जेक्ट', 'फ्रॉम' यांच्या यादीत तळाला 'कस्टमाइझ' आहे. तिथे 'लिस्ट-आयडी' हे नाव मूळ स्रोतात दिसतं त्याच इंग्रजी स्पेलिंगने घाला आणि त्यावर फिल्टर करा. 'रिटर्न-पाथ'वर करायचा असेल तर जरा जपून. घाऊक मेल पाठवणाऱ्या सेवा एकाच डोमेनवरून अनेकांचे मेल पाठवतात, आणि तुमची एखादी पावतीही त्याच वाटेने येत असेल.

जाहिराती खऱ्या, ओळखीच्या ठिकाणाहून येत असतील तर फिल्टरपेक्षा 'अनसबस्क्राइब', म्हणजे त्यांच्या यादीतून नाव काढणं, बरं. जीमेलच्या खात्यांना दिवसाला 5,000 च्या वर मेल पाठवणाऱ्यांना 2024 पासून जाहिरातींच्या मेलमध्ये एका क्लिकवर नाव काढायची सोय देणं गूगलने बंधनकारक केलंय. अनोळखी मेलमधली अशी लिंक मात्र दाबू नका, त्याने तुमचा पत्ता जिवंत आहे एवढंच त्यांना कळतं. 'आता पाठवू नका' असं उत्तरही देऊ नका. थंडरबर्ड उत्तर दिलेले पत्ते आपणहून 'कलेक्टेड अ‍ॅड्रेसेस'मध्ये जमा करतं. आणि जंक सेटिंग्जमध्ये त्या यादीला 'यांना जंक समजू नकोस' अशी टिक असेल, तर त्या माणसाला तुम्हीच आत घेतलंत.

रोज रूप बदलणाऱ्या मेलसाठी फिल्टरऐवजी 'जंक'चं बटण वापरा. थंडरबर्डचं जंक तपासणं शिकत जातं: कोणते शब्द नकोशा मेलमध्ये जास्त येतात, कोणते चांगल्यात. पण दोन्ही बाजू शिकवाव्या लागतात. जंकमध्ये चुकून गेलेला चांगला मेल नुसता बाहेर ओढू नका, त्यावर 'नॉट जंक' दाबा. लोक ही अर्धी बाजू सोडतात आणि मग ते शिकत नाही अशी तक्रार करतात.

राहिला फोन. थंडरबर्डचे फिल्टर तुमच्या कॉम्प्युटरवर चालतात, आणि तेही थंडरबर्ड उघडं असताना. फोन थेट सर्व्हरवरून, म्हणजे मेलसेवेच्या कॉम्प्युटरवरून, मेल घेतो, त्याला तुमचे फिल्टर माहीतच नसतात. रात्री कॉम्प्युटर बंद असताना आलेला मेल फोनवर दिसणारच. म्हणून जे कायमचं थांबवायचंय ते मेलसेवेच्या वेबसाइटवर, तिथल्या सेटिंग्जमध्ये करा. जीमेलवर ब्लॉक केलेल्याचे मेल स्पॅममध्ये जातात आणि 30 दिवसांनी आपोआप पुसले जातात, म्हणजे चूक झालीच तर महिनाभर हाताशी असतो. आउटलुक वापरणाऱ्यांचीही हीच अडचण असते. तिथे ज्या नियमापुढे 'क्लायंट-ओन्ली' लिहिलेलं असतं तो आउटलुक चालू असतानाच चालतो. आणि एखादा पत्ता 'ब्लॉक्ड' आणि 'सेफ' अशा दोन्ही याद्यांत असेल तर 'सेफ' जिंकतं, तेव्हा तीही यादी एकदा चाळा.

तुमच्यासाठी क्रम असा ठेवा: ट्रॅशमधले मेल परत आणा, दुसरा फिल्टर कायमचा काढा, पहिल्यात 'एनी' करून कृती 'मूव्ह' करा, लॉग चालू ठेवून दोन-तीन दिवस पाहा, मग तेच तीन पत्ते सर्व्हरवरही ब्लॉक करा. तरीही एखादा निसटलाच तर त्याच्या मूळ स्रोतातल्या 'फ्रॉम', 'रिटर्न-पाथ' आणि 'लिस्ट-आयडी' या तीन ओळी इथे टाका, म्हणजे अट कशी लिहायची ते सांगता येईल. टाकताना स्वतःचा पत्ता मात्र खोडा. तो बऱ्याचदा 'रिटर्न-पाथ'च्या पोटातही दडलेला असतो.